गाळातलं होकायंत्र

मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले तलाव आटले की काठावर ट्रॅक्टरांची रांग लागते. तळाचा गाळ उपसायचा आणि वावरात नेऊन टाकायचा, हे काम इकडे जुनंच. २०१७ साली सरकारने त्याला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' असं नाव देऊन योजनेत बसवलं. पाण्याच्या कडेला, जिथे अजून ओल असते तिथे जेसीबीचा पंजा रुतून वर आला की गाळाचे थर उघडे पडतात. वरचा पातळसा, तपकिरी. खालचा काळाकुट्ट, आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास. तपकिरी थरापर्यंत पाण्यात विरघळलेला प्राणवायू पोचलेला असतो, काळ्यात नसतो. त्या दोन रंगांच्या मधल्या रेषेबद्दल मला सांगायचं आहे.

जगातल्या तलावांच्या, नद्यांच्या, खाड्यांच्या गाळात अशी रेष जिथे जिथे असते, तिथे बहुतेक ठिकाणी एका खास गटातले जिवाणू सापडतात. प्राणवायू जेमतेम आहे, भरपूर नाही आणि अगदी शून्यही नाही, अशा अरुंद पट्ट्यात ते राहतात. त्यांच्या पोटात लोहचुंबक असतं. मी उपमा देत नाही. त्यांच्या शरीरात चुंबकाच्या स्फटिकांची माळ असते आणि तिच्या आधाराने ते पृथ्वीची उत्तर-दक्षिण ओळखतात.

लहानपणी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून आम्ही पोरं ते रस्त्याच्या धुळीतून ओढत न्यायचो. घरी पोचेपर्यंत त्याला काळी दाढी फुटलेली असायची. आम्हांला वाटायचं, कुणीतरी लोखंड कानसलं असेल, त्याचा हा कीस. खरं तर तो आमच्या पायाखालच्या काळ्या दगडाचा अंश होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला आणि गोठताना त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण बसले. दगड झिजून काळी माती झाली, कण तसेच राहिले. गोठताना त्या कणांनी त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशाही धरून ठेवली. आपला भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे शास्त्रज्ञांना अशाच कणांनी सांगितलं.

आता हे पाहा. दगडाला मॅग्नेटाइट घडवायला हजार अंशांहून अधिक तापलेला लाव्हा लागला. गाळातला जिवाणू तेच खनिज गार चिखलात घडवतो, आणि लाव्ह्याला कधी साधली नाही अशा सफाईने घडवतो.

हे माणसाला कळलं तेही जवळजवळ योगायोगानेच. १९७५ साली अमेरिकेत वुड्स होल इथे रिचर्ड ब्लेकमोर नावाचा संशोधक विद्यार्थी दलदलीतल्या चिखलाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. काही जिवाणू थेंबाच्या एकाच कडेला पोहत जाऊन तिथे गर्दी करत होते. उजेडामुळे असेल म्हणून त्याने सूक्ष्मदर्शक झाकून पाहिला, फिरवून पाहिला, जागा बदलून पाहिली. जिवाणू त्याच दिशेला. मग त्याने जवळ चुंबक आणलं, आणि सगळी झुंड एकदम वळली. त्याआधी १९६३ साली इटलीत पाविया इथे साल्वातोरे बेल्लिनी यांनी हेच पाहून लिहून ठेवलं होतं. पण ते इटालियनमध्ये, तिथल्या संस्थेच्या कागदपत्रांत पडून राहिलं आणि जगाला फार उशिरा कळलं.

मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट अशी की मेलेला जिवाणूसुद्धा चुंबकाबरोबर वळतो. पोहत नाही, पण वळतो. म्हणजे दिशा 'ओळखणं' हा त्याचा विचार नाही, ती त्याच्या अंगाची घडण आहे. दोऱ्याला टांगलेली चुंबकसुई जशी आपोआप उत्तर-दक्षिण होते, तसं त्याचं अख्खं शरीर होतं. पुढे जायचं की मागे, एवढंच त्याने ठरवायचं.

पण गाळात राहणाऱ्या जिवाला उत्तर दिशेचं काय काम? त्याला तर खाली जायचं असतं. इथे पृथ्वीची एक खुबी कामाला येते. चुंबकसुई वरखाली झुकायला मोकळी ठेवली तर आपल्याकडे तिचं उत्तरेचं टोक जमिनीकडे झुकतं. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला तिरुनेलवेलीजवळ ती जवळपास आडवी राहते, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं. तिथून उत्तरेला येऊ तसा झोक वाढत जातो. महाराष्ट्रात तो सौम्य असतो, युरोपात खूप जास्त. म्हणजे आपल्या गोलार्धात उत्तरेची वाट तिरकी खाली उतरते. जिवाणू इतका हलका असतो की पाण्याच्या रेणूंच्या धक्क्याबुक्क्यांत त्याला वजनाचा, म्हणजे वर-खालीचा, काहीच पत्ता लागत नाही. चुंबक त्याला ती वाट दाखवतं. एरवी त्याला दाही दिशांना चाचपडावं लागलं असतं. आता एकाच रेघेवर पुढे-मागे जायचं, प्राणवायू जास्त वाटला की खाली, अगदीच संपला की वर. दक्षिण गोलार्धात हे उलटं असायला हवं, असं वाटून ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडच्या गाळात शोध घेतला. १९८० साली त्यांनी लिहिलं ते अपेक्षेप्रमाणेच निघालं: तिथले जिवाणू दक्षिणेकडे पोहतात.

पृथ्वीचं हे चुंबकीय क्षेत्र किती क्षीण असतं ते सांगायला महाराष्ट्रातलंच उदाहरण पुरे. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय निरीक्षणाचं काम १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं. तिथली निरीक्षणगृहं लोखंड टाळून बांधली. माणसाला जे मोजायला समुद्र ओलांडून बिनलोखंडाचं घर बांधावं लागलं, त्याच्या आधाराने मिलिमीटरचा हजारावा भाग लांबीचा जीव रोज आपली वाट शोधतो.

त्याचं हे यंत्र घडतं कसं, हे वाचताना मी एकेक ओळ दोनदा वाचली आहे. पेशीच्या आवरणाला आतून बारीक पिशव्या फुटतात. जिवाणू पाण्यातून लोह शोषतो आणि प्रत्येक पिशवीत मॅग्नेटाइटचा एकेक स्फटिक वाढवतो. या पिशवीसकट स्फटिकाला मॅग्नेटोसोम म्हणतात. स्फटिक साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचा झाला की वाढ थांबते. आपला केस याच्या शेकडो पट जाड असतो. हे माप उगीच ठरलेलं नाही. याहून लहान स्फटिक चुंबकपण टिकवू शकत नाही, उष्णतेच्या कंपनांनी त्याची दिशा सारखी पालटते. याहून मोठा असेल तर त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांचे तुकडे पडतात आणि जोर कमी होतो. मधल्या मापातच प्रत्येक स्फटिक पुरेपूर चुंबक असतो. पण एकट्या मण्याने भागत नाही, म्हणून जिवाणू ते ओळीत लावतो. त्यासाठी प्रथिनाचा एक धागा असतो. धरून ठेवणारी अशी रचना नसेल तर चुंबकं एकमेकांना चिकटून गोळा होतील. पेशी विभागते तेव्हा ही माळ मधोमध तुटते आणि दोन्ही लेकरांना अर्धी अर्धी मिळते. उरलेले मणी ज्याचे त्याने घडवायचे.

असे जिवाणू आपल्या जवळपासही सापडले आहेत. पुसदकडून वाशीम, रिसोड ओलांडलं की बुलढाणा जिल्ह्यात लोणार लागतं. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेलं विवर, त्यात साबणासारखं अल्कधर्मी, खारट पाणी. २०२० च्या जूनमध्ये हे सरोवर गुलाबी झालं तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्याचे फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की तो रंग मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा होता. पण त्याच्या अकरा वर्षं आधी, २००९ मध्ये, कराडच्या यशवंतराव चव्हाण विज्ञान महाविद्यालयातल्या संशोधकांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात लोणारमधल्या चुंबकीय जिवाणूंची नोंद केली होती. त्या बातमीला गुलाबी रंग नव्हता, म्हणून ती फारशी कुणाला ठाऊक नाही. मला ती गुलाबी पाण्याइतकीच मोठी वाटते.

आता गाळातून दवाखान्यात येऊ, पण कपाशीच्या वावरातून.

आमच्याकडे गुलाबी बोंडअळी काय असते हे लहान पोरालाही माहीत आहे. अळी बोंडात शिरते, आत बसून सरकी खाते. वरून कितीही फवारा, औषध पानांवर पडतं, मातीत मुरतं, वाऱ्याने फवारणाऱ्याच्या अंगावर येतं. बोंडाच्या आत मात्र पोचत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. अळी बोंडात सुखरूप होती. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही.

कर्करोगाच्या गाठीवरची केमोथेरपी पाहिली की मला तेच वावर आठवतं. औषध रक्तातून सगळ्या शरीरभर जातं. केस गळतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात. गाठीच्या गाभ्यात मात्र त्याचा थोडाच भाग पोचतो. कारण गाठ फार भराभर वाढते आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, अपुऱ्या असतात. केशवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रॉनपलीकडच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही. त्या गुदमरतात, पण सगळ्या मरत नाहीत. काही तिथेच तग धरून राहतात. रक्त पोचत नाही म्हणून औषध पोचत नाही, आणि प्राणवायू नाही म्हणून किरणोपचारही तिथे पुरता काम करत नाही. उपचारांनंतर आजार उलटतो तेव्हा अनेकदा याच पेशी त्याचं बी ठरतात.

म्हणजे गाठीच्या आतही तीच रेष आहे: बाहेर प्राणवायू, गाभ्यात नाही, मध्ये जेमतेम असलेला पट्टा. अशी रेष शोधण्यात ज्याचं आयुष्य जातं असा जीव आपण आत्ताच पाहिला.

कॅनडात माँट्रियल इथल्या पॉलिटेक्निकमधले सिल्व्हां मार्टेल आणि त्यांचे सहकारी यांनी हा विचार प्रत्यक्षात आणला. समुद्रकाठच्या पाण्यातला, एमसी-१ या नावाचा एक चुंबकीय जिवाणू त्यांनी घेतला. तो फार जलद पोहतो, सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या शंभर पटींच्या आसपास. प्रत्येक जिवाणूच्या पाठीवर त्यांनी औषध भरलेले सुमारे ७० सूक्ष्म मेदकण बांधले. मग कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांमध्ये, गाठीच्या जवळ, हे जिवाणू टोचले आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्राने त्यांना गाठीकडे वळवलं. गाठीत शिरल्यावर पुढचं त्यांना शिकवावं लागलं नाही. प्राणवायू कमी होत जाईल तसे ते आत आत गेले, जणू आपल्या गाळाकडेच निघाले होते. २०१६ साली 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जिवाणूंपैकी ५५ टक्क्यांपर्यंत गाठीच्या प्राणवायू कमी असलेल्या भागात पोचले होते. बोंड फोडावं लागलं नाही, औषध अळीपर्यंत गेलं.

हे सगळं उंदरांत झालं आहे, माणसांत नव्हे, हे ठळकपणे सांगायला हवं. नागपूरच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात कुणाला उपचारासाठी नेणाऱ्या घराने उद्या याची वाट पाहू नये. जिवाणूच्या बाह्य आवरणातले काही घटक आपल्या शरीरात ताप आणि दाह माजवू शकतात. म्हणून अनेक संशोधक अख्खा जिवाणू न वापरता त्याची माळच काढून घेतात. मॅग्नेटोसोमभोवतीची पातळ पिशवी इथे उपयोगी पडते, कारण तिच्यावर औषधाचे रेणू किंवा प्रतिपिंडं जोडता येतात. जपानमध्ये तादाशी मात्सुनागा यांनी १९८७ मध्येच या कणांवर विकरं बसवून दाखवली. पुढे चीनमध्ये डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध त्यांना जोडून उंदरांत तपासलं गेलं. फ्रान्समध्ये या माळा गाठीत सोडून, बाहेरून दिशा बदलतं चुंबकीय क्षेत्र लावून, गाठ आतून तापवून मारण्याचे प्रयोग झाले.

शरीरात जिवाणू सोडायचे या कल्पनेने कुणी दचकेल. पण बाळपणी बीसीजी टोचल्याचा वण आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर आहे. ती लस म्हणजे दुबळे केलेले जिवंत जिवाणूच. मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर डॉक्टर आजही तीच बीसीजी मूत्राशयात सोडतात आणि ती कामही करते. आणि कपाशीचं म्हणाल तर २००२ पासून या देशात जे बीटी बियाणं पेरलं जातं त्यातला 'बीटी' हा बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा मातीतला जिवाणूच आहे. त्याच्या विषारी प्रथिनाची कृती कपाशीच्या पेशीत उतरवली गेली. काही वर्षं बोंडअळ्या त्याने मरत होत्या. मग गुलाबी अळी त्याला सरावली. हा आपल्याच वावरातला अनुभव मार्टेल यांच्या प्रयोगाबद्दल वाचतानाही माझ्या मनात जागा असतो.

आता पाण्याकडे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या सगळ्यात रुळलेल्या पद्धतीचं नावच 'सक्रिय गाळ' असं आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पाणी निवळायला आठवडे लागले. मग तळाला बसलेला गाळ फेकून न देता त्यांनी त्याच्यावरच पुढचं सांडपाणी ओतलं, पुन्हा ओतलं, आणि आठवड्यांचं काम दिवसावर आलं. गाळात जिवाणूंची जोपासलेली वस्ती होती. आजही शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात (एसटीपी) आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या मागे असलेल्या प्रक्रिया केंद्रात (इटीपी) मूळ तत्त्व तेच आहे. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जीन्सचं कापड विणलं जातं. निळीचं पाणी काय असतं ते तिथल्या माणसांना सांगायला नको.

पण जिवाणू जे खाऊ शकतात तेच या पद्धतीने संपतं. कॅडमियम, निकेल, क्रोमियम हे धातू कुणी खाऊन संपवू शकत नाही. ती मूलद्रव्यं आहेत, इथून उचलून तिथे ठेवता येतात एवढंच. जिवाणूंच्या अंगावर ऋण भार असलेल्या रेणूंची दाटी असते आणि पाण्यात विरघळलेले अनेक धातू धन भाराचे, म्हणून ते जिवाणूला चिकटतात. खरी अडचण पुढे येते. धातू अंगावर घेतलेले अब्जावधी बारीक जिवाणू पाण्यातून बाहेर कसे काढायचे? गाळणीत ते अडकून बसतात, आपोआप तळाला बसायला वेळ घेतात. पोटात चुंबक असलेल्या जिवाणूला मात्र बाहेरून चुंबक दाखवलं की झालं. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अशीच यंत्रं करून पाहिली गेली: एका बाजूने धातूमिश्रित पाणी आणि जिवाणू, दुसऱ्या बाजूने चुंबकाने वेगळे काढलेले, धातू वाहणारे जिवाणू. जपानमध्ये कॅडमियम आणि टेल्युरियमसाठी, चीनमध्ये तांबं आणि सोन्यासाठी हे करून पाहिलं आहे.

आमच्या जिल्ह्याचं मोठं दुखणं मात्र याने बरं होणार नाही. पांढरकवडा, झरी जामणी या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, दातांवर डाग आणि हाडांत वाक घेऊन जगणारी माणसं आहेत. फ्लोराइड ऋण भाराचं असतं, जिवाणूचं अंगही ऋण, दोघं एकमेकांना दूर लोटतात. तिथे वेगळेच उपाय लागतात. आणि धातूंसाठीसुद्धा हे जिवाणू मोठ्या प्रमाणावर वाढवणं फार कठीण आहे. हवा जरा जास्त झाली की ते चुंबक घडवणं सोडतात, कमी झाली तर वाढ थांबते. लिटरभर द्रवातून मॅग्नेटोसोम निघतात ते मिलिग्रॅममध्ये. २०१४ साली जर्मनीत ही माळ घडवणारे जनुक दुसऱ्या, सहज वाढणाऱ्या जिवाणूत घालण्यात यश आलं आणि त्यानेही चुंबकं घडवली. माझी सगळी आशा त्या वाटेवर आहे.

एक गोष्ट मात्र कुठलीही शाळा पावसाळ्यानंतर करू शकते. निळोणा, चापडोह ही यवतमाळजवळची धरणं किंवा गावचा तलाव, यांच्या कडेचा ओला गाळ एका काचेच्या बरणीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरा, वर त्याच तलावाचं पाणी. झाकण सैल ठेवून बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात महिनाभर न हलवता राहू द्या. मग गाळाच्या पातळीच्या बोटभर वर, बरणीच्या बाहेरून, पट्टीचुंबकाचं दक्षिण टोक लावून ठेवा. उत्तरेकडे पोहणारे जिवाणू तिकडे येतात. दोन-तीन तासांनी त्या जागेचं पाणी ड्रॉपरने अलगद ओढून घ्या आणि थेंब काचपट्टीवर ठेवा. चारशे पट मोठं दाखवणारा शाळेचा सूक्ष्मदर्शक पुरतो. चुंबक थेंबाच्या एका बाजूला धरा आणि थेंबाच्या कडेकडे पाहत राहा. नशिबाने बरणीत ते असतील तर काही मिनिटांत कडेला ठिपक्यांची गर्दी होऊ लागेल. चुंबक उलटं करा, की ती सगळी गर्दी थेंबाच्या दुसऱ्या काठाकडे निघते.